सही करण्याआधी: खेळाडूंची संघटना आणि माझं अकरावं कलम

मॅच फीचं बिल कुठे पाठवायचं, टीडीएस किती कापला जातो, राखीव खेळाडूला किती मिळतात, हे सगळं ड्रेसिंग रूममध्ये कळतंच. मी लिहितोय ते क्रिकेट खेळाडूंच्या संघटनेबद्दल. तिच्याविषयीच्या गैरसमजापायी माझी दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले.

ही संघटना म्हणजे इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन. क्रिकेट बोर्डाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या, कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशीतून ती आली. न्यायालयाने २०१६ मध्ये शिफारशी मान्य केल्या आणि जुलै २०१९ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या अपेक्स कौन्सिलमध्ये तिचे दोन प्रतिनिधी असतात, एक पुरुष आणि एक महिला. सुरुवातीला अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी हे माजी कसोटीपटू होते. बातमी वाचून मला धीर आला होता, आपलं म्हणणं मांडणारं कुणीतरी आत आहे. पण सदस्यत्व फक्त निवृत्त खेळाडूंना मिळतं, हे मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही आज खेळत असाल तर तुम्ही तिचे सदस्य नाही. ती कामगार संघटनाही नाही.

इंग्लंडमध्ये फ्रेड रम्सीने १९६७ मध्ये काउंटी खेळाडूंची संघटना उभी केली, तिच्यात आज खेळणारेही सदस्य असतात. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये मानधनाचा करार संपला तेव्हा दोनशेहून जास्त खेळाडू महिनाभर बिनकराराचे राहिले, त्यांच्या अ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला, तरी संघटना मागे हटली नाही. तसली ढाल आपल्याकडे नाही. हे आधी पक्कं डोक्यात ठेवा आणि मगच कागदावर पेन टेकवा.

आता माझं सांगतो. ऑक्टोबर २०१८. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवरून सराव आटोपून निघालो होतो, वाकडच्या एका हॉटेलात एजंटने नऊ पानी करार पुढे ठेवला. तो मिळवून देणार होता बॅटवरच्या स्टिकरची, बुटांची जाहिरात, जमलं तर आयपीएलची ट्रायल. कमिशन वीस टक्के. मी ते जाहिरातीच्या पैशांवर समजलो. कागदावर होतं ‘खेळाडूच्या क्रिकेटमधील सर्व उत्पन्नावर’. म्हणजे मॅच फीसुद्धा. तेव्हा रणजीत दिवसाला पस्तीस हजार, चार दिवसांच्या सामन्याचे एक लाख चाळीस हजार. त्यातले अठ्ठावीस हजार त्याचे. मला संघात घेतलं निवड समितीने, बोर्डाने पैसे दिले, त्याने काय केलं? आणि हिशेबही टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर करायचा. ‘एकूण’ आणि ‘हातात आलेले’ यातला फरक नीट समजून घ्या, तिथेच लोक फसतात.

आणि अकरावं कलम. करार दोन वर्षांचा, पण मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टाने, करारात दिलेल्याच पत्त्यावर पोचली नाही तर आपोआप आणखी दोन वर्षं. मी २०२० च्या जूनमध्ये फोन केला, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, त्याने ‘ओके भाऊ’ म्हणून उत्तरही दिलं. मला वाटलं, संपलं, आणि वाद झालाच तर संघटना आहेच. करार मात्र चालूच राहिला. त्या वर्षी रणजी झालीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बोर्डाने त्याच्या आदल्या, २०१९-२० च्या हंगामात खेळलेल्यांना निम्म्या मॅच फीची भरपाई जाहीर केली, आणि आठवडाभरात एजंटचा मेल आला: त्यातले वीस टक्के. घरात बसून काढलेल्या हंगामाचेही! तेव्हा संघटनेकडे जावं म्हणून माहिती काढली आणि आपण सदस्यच होऊ शकत नाही हे कळलं.

‘सही कर, तू खेळाकडे लक्ष दे,’ असं मला एका मोठ्या माणसाने सांगितलं होतं. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला तुमच्या सहीतून काही मिळणार असेल त्याला गुरू म्हणू नका. आणि सल्ला नावाजलेल्यांना विचारू नका. आठ-दहा रणजी सामने खेळून नोकरीला लागलेल्या एखाद्याला विचारा, त्याला कलमं पाठ असतात.

घाबरून जाऊ नका मात्र. एजंट सगळेच वाईट नसतात, आणि वाईट करारातूनही सुटता येतं. मावशीचे दीर सांगलीला वकिली करतात. त्यांनी एक पत्र लिहिलं आणि एजंटची मागणी निम्म्यावर आली. सहीआधी त्यांना दाखवलं असतं तर तासाभराचं काम होतं.

संघटनेला कमी लेखू नका. लॉकडाऊनमध्ये तिने अडचणीतल्या माजी खेळाडूंसाठी पैसे उभे केले. रणजीसारखे प्रथम श्रेणीचे २५ सामने खेळून २००३-०४ च्या आधी थांबलेल्यांना बोर्डाचं पेन्शन आहे, जून २०२२ मध्ये महिन्याला पंधरा हजारांचे तीस हजार झाले. आपण त्या गटात नाही, आपल्याला मॅच फीतूनच साठवायचंय. म्हणून तर ते वीस टक्के इतके जिव्हारी लागतात. निवृत्त झालात की पहिल्या महिन्यात सदस्यत्वाची चौकशी करा, मी आळस केला नाही.

आज करार हातात असेल तर मुदत संपण्याची तारीख शोधा, मागे नव्वद दिवस मोजा आणि ती तारीख आईला सांगून ठेवा, दौऱ्यावर असताना आपण विसरतो. जून २०२२ मध्ये मी नोटीस या वेळी रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावती आठव्या दिवशी परत आली, तिच्यावर एजंटच्या ऑफिसचा निळा शिक्का आहे. ती मी लॅमिनेट करून ठेवलीय.