ब्लॅक ट्रान्स स्त्रियांच्या आरोग्यावर काम करायचंय? एमपीएचला येणाऱ्यांसाठी थोडं

जून आला की अमेरिकेत एमपीएचला, म्हणजे पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला, येणाऱ्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, ताई मला हेल्थ डिस्पॅरिटीजमध्ये (वेगवेगळ्या गटांच्या आरोग्यातल्या तफावतीत) इंटरेस्ट आहे, ट्रान्सजेंडर हेल्थवर थिसिस करायचाय, काय वाचू. मी अटलांटात एमपीएच केलं आणि आता इथेच एचआयव्ही रिसर्चमध्ये कोऑर्डिनेटर आहे, तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

वाचायला बसलात की पहिल्यांदा 62 टक्के हा आकडा भेटणार. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, 2019-20 मध्ये अटलांटा, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या सात शहरांत 1,608 ट्रान्स स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, एचआयव्हीची टेस्टही केली, त्यात ब्लॅक स्त्रियांपैकी 62 टक्के पॉझिटिव्ह निघाल्या, लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) 35 आणि गोऱ्या 17. मग तुम्हाला 2015 चा मोठा ऑनलाइन सर्व्हे सापडेल, 27,715 ट्रान्स लोकांचा, त्यात ब्लॅक ट्रान्स स्त्रियांचा आकडा 19 टक्के. आणि 2019 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण आलं त्यात साधारण 44. इथे नवीन माणूस गडबडतो, आणि बरेच जण सरळ सगळ्यात मोठा आकडा उचलून पहिल्या पॅराग्राफमध्ये टाकतात.

तसं करू नका. आधी कोणाला मोजलं ते बघा. ऑनलाइन सर्व्हे भरायला फोन लागतो, नेट लागतं, निवांत वेळ लागतो आणि आपल्याला एचआयव्ही आहे हे स्वतःला माहीत असावं लागतं, कारण तिथे टेस्ट नाही, सांगाल ते खरं. सीडीसीच्या अभ्यासात उलट, आधी काही जणींना शोधलं, मग त्यांना कुपनं दिली, त्यांनी ओळखीच्या मैत्रिणींना दिली, मुलाखतीचे पैसे मिळाले, म्हणजे ज्यांना त्या पैशांची गरज आहे आणि ज्या एकमेकींच्या ओळखीत आहेत त्या जास्त आल्या. त्याच अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश जणी दारिद्र्यरेषेवर किंवा खाली होत्या आणि 42 टक्के जणींना मागच्या वर्षभरात कधी ना कधी डोक्यावर छप्पर नव्हतं, हे वाचल्याशिवाय 62 चा अर्थ लागत नाही. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त अख्ख्या अमेरिकेतल्या ब्लॅक ट्रान्स स्त्रियांचा आकडा म्हणून यातला कुठलाच चालत नाही. व्हायवात प्रोफेसर हेच खोदून विचारतात बरं का.

दुसरं, रिग्रेशनमध्ये (कशाचा कशाशी संबंध आहे ते मोजणाऱ्या गणितात) रेस टाकली, ऑड्स रेशो (शक्यतेची तुलना करणारा आकडा) आला आणि लिहून मोकळे झाले, की ब्लॅक असणं हा रिस्क फॅक्टर आहे. कातडीच्या रंगाने व्हायरस येत नाही हो. घरमालक घर देत नाही, नोकरी मिळत नाही, पोलीस हटकतात, इन्शुरन्स नाही, आणि अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाने तर मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सचा, पूर्ण विस्तारच केलेला नाही, त्यामुळे गरीब पण मूलबाळ नसलेल्या मोठ्या माणसाला सरकारी इन्शुरन्स मिळणं महाकठीण. हे व्हेरिएबल तुमच्या डेटासेटमध्ये नसतील तर तसं लिहा, पण रंगावर ढकलू नका.

आणि हॉस्पिटलवरचा अविश्वास म्हणजे अडाणीपणा, असं कोणी म्हणालं तर त्यांना टायरा हंटर या ब्लॅक ट्रान्स स्त्रीबद्दल वाचायला सांगा. 1995 मध्ये वॉशिंग्टन डीसीमध्ये गाडीचा अपघात झाला, मदतीला आलेल्या कर्मचाऱ्याने कपडे कापल्यावर ती ट्रान्स आहे हे बघून उपचार थांबवले आणि टिंगल केली, ती गेली, 1998 मध्ये ज्युरीने तिच्या आईच्या बाजूने निकाल दिला. इथल्या वयस्कर बायकांना हे नाव पाठ आहे.

रोजच्या कामात मात्र गोष्टी फार छोट्या असतात. एका क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये मी बघितलंय, काउंटरवरून इन्शुरन्स कार्डावरचं जुनं पुरुषी नाव मोठ्याने पुकारलं, सगळ्यांनी माना वळवल्या आणि मेकअप करून छान तयार होऊन आलेली बाई पर्स उचलून दारातून बाहेर. आता ती फाइलमध्ये "अपॉइंटमेंटला आली नाही" अशी लागणार आणि पुढे कोणीतरी तिला रिसर्च पेपरात नॉन-अ‍ॅडहेरंट, म्हणजे उपचार नीट न पाळणारी, म्हणणार. फॉर्मवर वापरायच्या नावाची वेगळी जागा ठेवली तरी निम्मं काम होतं, आणि ते तुम्ही इंटर्न असतानाही सुचवू शकता.

औषधांचंही तेच. मुलाखतीत खूप जणी विचारतात की प्रेपच्या (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळीने माझे हार्मोन्स कमी होतील का. थायलंडमधल्या अभ्यासात तसं दिसलं नाही, पण भीती उगाच नाहीये, कारण मुळात त्यांना विचारलंच उशिरा. प्रेपचीच 2010 ची ती प्रसिद्ध आयप्रेक्स ट्रायल घ्या, 2,499 जण होते, त्यातल्या 339 ट्रान्स स्त्रियांचं वेगळं विश्लेषण यायला 2015 उजाडलं.

महाराष्ट्रात तृतीयपंथी समाजासोबत काम करून आलेल्यांना एक सांगते, तो अनुभव बोलायला, ऐकायला खूप कामी येतो, पण इथे येऊन लगेच "आमच्याकडे पण असंच असतं" सुरू करू नका. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा 2014 चा नाल्सा निकाल, गुरू-चेला, बधाई हा इतिहास वेगळा आणि गुलामगिरी, टस्कीगीचा चाळीस वर्षं चाललेला, ब्लॅक पुरुषांना उपचाराविना ठेवणारा सिफिलिसचा प्रयोग हा इतिहास वेगळा. आपण इथे भारतीय म्हणून येतो, तेही त्यांना दिसतं. पहिले काही महिने गप्प बसून ऐका, आणि कम्युनिटी अ‍ॅडव्हायजरी बोर्डच्या (रिसर्चला सल्ला देणाऱ्या, त्याच समाजातल्या लोकांच्या गटाच्या) बायकांचा वेळ फुकट घेऊ नका, प्रपोजलमध्ये त्यांच्या मानधनाची ओळ घाला. "मागच्या सर्व्हेचं काय झालं?" हा प्रश्न येतोच, तेव्हा उत्तर हातात असू द्या.

आता नोकरीचं. 2025 च्या जानेवारीत सीडीसीची बरीच पानं वेबसाइटवरून काढली गेली, फेब्रुवारीत कोर्टाच्या आदेशाने काही परत आली, एनआयएचच्या (आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) या विषयातल्या ग्रँट्सही रद्द झाल्या. म्हणून जो डेटासेट, जी प्रश्नावली लागेल ती आजच डाउनलोड करून ठेवा. आणि फक्त याच विषयावर नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका, एसएएस किंवा आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर नीट शिका, सॅम्पलिंगचा कोर्स घ्याच. अमेरिकेत प्रत्येक डिग्रीला सरकारी विषय-कोड असतो, एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) येतात, साध्या पब्लिक हेल्थचा येत नाही, ओपीटीला (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावर काम करायच्या परवानगीला) याने दोन वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे तुमच्या डिग्रीला नेमका कुठला कोड लागतो ते डिपॉझिट भरायच्या आधी कॉलेजला मेल टाकून लेखी विचारून घ्या.