जुन्या डाय-कास्ट गाड्या जमवायच्या? आधी गाडी उलटी करा

जुनी डाय-कास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेली, खेळण्यातली गाडी हातात आली की नजर आधी रंगावर जाते. ही सवय मोडा. गाडी उलटी करा आणि तळ वाचा.

पण त्याआधी काय जमवायचं ते ठरवा. १९३४ पासून याच नावाने विकल्या गेलेल्या डिंकी टॉइज, १९५३ ला सुरू झालेली मॅचबॉक्सची १ ते ७५ क्रमांकांची मालिका, १९५६ च्या कॉर्गी, १९६८ च्या हॉट व्हील्स... यांतली एकच वाट धरा, हवं तर फक्त ट्रक किंवा फक्त रुग्णवाहिका. दिसेल ते उचलत गेलात तर खोकी तेवढी भरतात.

आता तळ. त्यावर कंपनी, देश आणि बहुधा मॉडेलचा नंबर असतो. हॉट व्हील्सच्या तळावरच्या सालाने नवखे हमखास फसतात. ते साल त्या डिझाइनच्या हक्काचं असतं; गाडी कित्येक वर्षांनी बनलेली असू शकते.

मग भिंग घेऊन रिव्हेट, म्हणजे तळ आणि वरचा भाग जोडणारी धातूची खिळी, बघा. मूळ रिव्हेटचं डोकं अखंड असतं. तिथे भोक, स्क्रू किंवा गोंद दिसला तर गाडी उघडलेली आहे आणि बहुतेक रंगही नवा आहे. मी एकदा लालभडक व्हॅन अगदी मिरवत घरी आणली. रात्री भिंगाखाली पाहिलं, तर रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू आणि त्याच्या खाचेतही तोच लाल रंग! नवा रंग दिलेली गाडी घेऊ नये असं नाही, पण मूळ म्हणून मोजलेले पैसे वाया जातात.

चाकंही तपासा. मॅचबॉक्सला आधी धातूची, मग राखाडी आणि नंतर काळ्या प्लास्टिकची चाकं आली. हॉट व्हील्सच्या वेगाला तोंड द्यायला मॅचबॉक्सने १९६९ मध्ये ‘सुपरफास्ट’ ही जोरात पळणारी चाकं आणली. मॉडेलच्या काळाशी चाकं जुळत नसतील तर विक्रेत्याला सरळ विचारा.

टवके उडालेले चालतात, भेगा चालत नाहीत. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून कुजतो, फुगतो आणि शेवटी त्याचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकींमध्ये हा रोग बराच आढळतो. गाडी उजेडात तिरकी धरून टप आणि मडगार्डवर केसासारख्या रेघा शोधा. त्यावर इलाज नाही. कितीही दुर्मिळ असली तरी परत ठेवा.

मूळ खोकं असेल तर किंमत बरीच चढते, म्हणून नकली खोकीही निघतात. खोक्यावरचा नंबर गाडीशी ताडून बघा. डिंकीच्या पिवळ्या खोक्यांवर आतल्या गाडीच्या रंगाचा ठिपका असे. हिरव्या ठिपक्याच्या खोक्यात निळी गाडी निघाली तर जोडी मागाहून लावलेली आहे.

घरी आणल्यावर मऊ ब्रशने धूळ झाडा. फार मळ असेल तर किंचित ओलसर कापूस फिरवा, पण नक्षीच्या चिकटचित्रांना पाणी लावू नका; ती सुटतात. चाकांचा आस लगेच कोरडा करा, नाहीतर गंजतो. रंगाचे टवके बुजवायचा मोह टाळा.

ठेवायला ऊन न येणारी, कोरडी जागा हवी. ओकचं कपाट नको; त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी जस्त खराब होतं. आणि रबरी टायरच्या गाड्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये थेट ठेवू नका. काही वर्षांनी टायर प्लास्टिकला चिकटतो आणि ओढलात तर अर्धा ट्रेलाच राहतो.