कोलेस्टायरामाइनची पुडी: कशी कालवायची, कधी घ्यायची

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. कोलेस्टेरॉलची चिठ्ठी आली की तिच्यावर बहुतेक अ‍ॅटोरव्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन असतं. कोलेस्टायरामाइनची पुडी क्वचित येते. स्टॅटिनने (वरच्या दोन्ही गोळ्या याच गटातल्या) अंगदुखी होऊन ती सोसेनाशी झाली, किंवा पूर्ण डोस घेऊनही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरेना, की डॉक्टर ही लिहितात. प्रत्येक दुकानात ती मिळत नाही, म्हणून संपायच्या आठवडाभर आधी मागवून ठेवा.

ही पुडी रक्तात शोषली जात नाही, तिचं सगळं काम आतड्यात चालतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं, बनवतं. ती जेवणाच्या वेळी आतड्यात उतरतात आणि त्यातली सुमारे ९५ टक्के परत यकृताकडे जातात. पुडीतलं रेझिन, म्हणजे तिच्यातला न विरघळणारा औषधी पदार्थ, त्यांना धरून शौचावाटे बाहेर काढतं. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. डोसप्रमाणे एलडीएल साधारण १५ ते ३० टक्के उतरतं. औषध जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका. १९८४ साली अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवरचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात याच पुडीने हृदयविकाराचा धोका १९ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

आता कृती. कोरडी पूड कधीही तोंडात टाकू नका, घशात अडकते. पेलाभर पाणी, दूध किंवा फळांचा रस घ्या, वर पूड भुरभुरवा, मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. ती विरघळत नाही, रवाळच राहते. एका दमात प्या. तोंडात घोळवत बसलात तर दात खराब होतात. तळाशी राहिलेल्या पुडीत थोडं पाणी घालून तेही प्या. चव नकोशी वाटत असेल तर रात्रीच कालवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बरीच सुसह्य लागते. गरम चहात मात्र नको.

माझा खरा आग्रह वेळेबद्दल आहे. रेझिन पित्ताम्लांसारखंच दुसऱ्या गोळ्यांनाही धरतं. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, लघवीच्या काही गोळ्या, स्टॅटिनसुद्धा. आमच्या एक काकू सगळ्या गोळ्या पुडीच्याच पाण्याबरोबर घ्यायच्या, म्हणजे एकदाच उरकतं. त्यांचा टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा) वाढत गेला आणि थायरॉइडचा डोसही वाढवला गेला. दोष गोळीचा नव्हताच, पुडी तिला शोषूच देत नव्हती. नियम असा: बाकीची औषधं पुडीच्या किमान तासभर आधी, नाहीतर चार ते सहा तासांनी. काकूंना मी वेळापत्रक लिहून दिलं. उठल्यावर थायरॉइडची गोळी, नाश्त्याला बीपीची आणि स्टॅटिन, दुपारच्या जेवणाला पहिली पुडी, संध्याकाळी सातला उरलेली गोळी, आठच्या जेवणाला दुसरी पुडी. ते त्यांनी फ्रीजच्या दारावर चिकटवलं. तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील, तेव्हा सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे किंवा दुकानात या आणि असंच मांडून घ्या.

सुरुवात बहुधा ४ ग्रॅम रेझिनच्या एका पुडीने होते. डोस हळूहळू वाढवतात, कारण पोट जड होतं, गॅस होतो आणि मुख्य म्हणजे बद्धकोष्ठता होते. पाणी वाढवा, पालेभाज्या, पेरू खा. इसबगोलाचा चांगला उपयोग होतो, पण तोही डॉक्टरांना विचारून. मूळव्याध असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. पुडी अजिबातच जमत नसेल तर कोलेसेव्हेलमच्या गोळ्या असतात. ६२५ मिलिग्रॅमच्या दिवसाला सहा, जेवणाबरोबर. गोळ्या मोठ्या असतात, गिळायला त्रास होत असेल तर आधी बोला.

महिना-दीड महिन्याने लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा आणि एलडीएलइतकंच ट्रायग्लिसराइडकडे (रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीकडे) बघा, कारण या औषधाने ते वाढू शकतं. आधीच ४०० च्या वर असेल तर ही पुडी सहसा देत नाहीत. पित्तनलिका पूर्ण बंद असलेल्यांना ती चालतच नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर उगाच निळे डाग उठले, तर लगेच दाखवा.

आणि पुडी मनाने बंद करू नका. वॉरफरिन किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर पुडी थांबताच ती औषधं जास्त शोषली जातात, म्हणून डॉक्टरांना आधी कळवून त्यांचा डोस तपासून घ्यावा लागतो.