जुन्या पीसीची बायोस सेटिंग दर वेळी उडत होती

घरचा जुना डेस्कटॉप. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम; त्याची सेटिंग सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत राहते. भिंतीवरचं बटण रात्री बंद केलं, की सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’, एफ१ दाबा. तारीख थेट १ जानेवारी २००९. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर संशय घेतो, बँकेची साइट तर उघडतच नाही. त्यात बायोस मूळ पदावर आल्यावर साटा मोड (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई होई आणि विंडोज ७ सुरू होता होता निळा स्क्रीन. हार्डडिस्क गेली असंच कुणालाही वाटेल.

गंमत म्हणजे नुसतं रीस्टार्ट केलं की सगळं जागच्या जागी. कारण प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायचा, ५ व्होल्ट स्टँडबाय (पीसी बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) सीमॉस मेमरी जिवंत ठेवतो. वीज गेली की सगळी भिस्त मदरबोर्डवरच्या बटण सेलवर. म्हणजे संशयित तोच. मल्टिमीटर लावला, ३ व्होल्टच्या जागी २.४.

प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली. सॉकेटच्या कडेची पत्र्याची चिमटी नखाने बाजूला केली की सेल टुणकन वर येतो. नवा सीआर२०३२ अधिकची बाजू वर ठेवून बसवला. साधारण पन्नासच्या आत मिळतो, पण जुना पडून राहिलेला माल नको. मग बायोसमध्ये तारीख, साटा मोड एएचसीआय, बूटचा क्रम लावून एफ१० दाबून सेव्ह.

सेल बदलूनही सेटिंग उडत असेल तर शेजारचा क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग पुसण्यासाठीची, पिना जोडणारी छोटी टोपी) चुकीच्या पिनांवर नाही ना, ते बघा.