26 जूनला शाहू महाराजांचं कोल्हापूर पायी कसं बघायचं

2024 ला महाराजांच्या जन्माला 150 वर्षं झाली तेव्हापासून बाहेरगावचे मित्र विचारतात की जयंतीला आलो तर काय बघायचं, तर माझं सरळ म्हणणं आहे, राजवाडे नंतर बघा, आधी महाराजांनी केलेलं काम बघा, आणि ते चालतच बघा. अंतर दोन-तीन किलोमीटर, पण जूनचा पाऊस म्हणजे छत्री पाहिजेच.

सकाळी लवकर नर्सरी बागेतल्या समाधीपासून सुरू करा. तिथनं दसरा चौक. पुतळ्याला हार घालायला गर्दी असते, नमस्कार करून झाला की आजूबाजूला बघा, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, सगळी इथंच. खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठं, खाणार काय, हा विचार राजानं केला, आणि 26 जुलै 1902 ला नोकऱ्यांत मागासवर्गाला 50 टक्के जागा राखून ठेवल्या.

आता भाऊसिंगजी रोडनं भवानी मंडपाकडं निघा आणि इथं घाई करू नका. ह्याच रोडवर गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल होतं. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारलेलं, महाराजांनी त्यांना हॉटेल टाकून दिलं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येईना, मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवून प्यायचे आणि सोबतच्यांना पण प्यायला लावायचे. मला हा सगळ्या रूटमधला सगळ्यात मोठा थांबा वाटतो. सोबत पोरं असतील तर रोडवरच्याच एखाद्या टपरीवर चहा घ्या आणि उभ्या उभ्या ही गोष्ट सांगा, पुस्तकातल्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

भवानी मंडपातनं अंबाबाईचं दर्शन घ्यायचं तर घ्या, रांग मोठी असली तर पुढं चला.

शेवटी खासबाग. 1902 च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं जुनं मैदान बघितलं आणि 1912 ला इथं कुस्तीचं मैदान उभं केलं. आखाडा मधोमध उंच आणि बसायच्या पायऱ्या गोलाकार चढत गेलेल्या, सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बघा, पुढच्याचं डोकं मधी येत नाही. शेजारीच 1915 चं पॅलेस थिएटर, आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट 2024 च्या आगीत जळालेलं, तिथं उभं राहिलं की अजून पोटात तुटतं.

भूक लागली असेल तर खासबागेत भेळ खावा. जन्मस्थळ, लक्ष्मी विलास पॅलेस, कसबा बावड्याला आहे, ते चालायच्या टप्प्यात नाही, गाडीनं जावा.