बिल्ले बनवून घ्यायचेत? आधी हे बघा

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनासाठी नाहीतर गॅदरिंगला संस्थेचे बिल्ले बनवायचे म्हणलं की सगळे फक्त नगाचा रेट विचारतात, मग माल आल्यावर रंग उडतो नाहीतर पिनच निघून येते.

1. व्हॉट्सॲपच्या फोटोवर जाऊ नका, बिल्ले बनवणाऱ्यानं आधी बनवलेला एखादा बिल्ला हातात मागा. नख फिरवा, मेटलच्या रेघा वर लागल्या तर सॉफ्ट इनॅमल (इनॅमल म्हणजे बिल्ल्यात भरलेला रंग, इथं तो रेघांपेक्षा खाली बसतो), एकदम सपाट लागलं तर हार्ड इनॅमल (रंग रेघांच्या बरोबरीला) किंवा नुसतं प्रिंट. मागची पिन अंगठ्यानं जोर देऊन हलवा, कच्चं काम तिथंच कळतं.
2. डायचे (बिल्ल्याच्या साच्याचे) पैसे वेगळे का, आणि पुढच्या वर्षी तीच डाय वापरली तर परत लावणार का, हे लिहून घ्या. थोडे नग असले की खरा खर्च इथंच बसतो बघा.
3. लोगोची कोरलड्रॉ फाईल द्या, पण अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करून), नाहीतर बनवणाऱ्याकडं तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. 1 इंचात बारीक मजकूर कोंबू नका, अनुस्वार गायब होतो.

सॅम्पल ओके केल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि मॅग्नेटवाला बिल्ला भारी असतो, शर्टाला भोक पडत नाही, पण पेसमेकर बसवलेल्या माणसाला साधी पिनच द्या.