टॅक्स म्हणजे कर, इथपर्यंत ठीक. पुढच्या चुका टाळा

मराठी मजकूर तपासून देणं हा माझा धंदा. पत्रकं, सोसायट्यांच्या नोटिसा, बँकांचे फॉर्म, सगळं येतं. त्यात 'टॅक्स' आला की मी चहा सांगून ठेवतो, कारण काम लांबणार हे ठरलेलं. नवशिका शब्दकोश उघडतो, त्याला टॅक्सच्या शेजारी ड्यूटी, लेव्ही, सेस, टोल, फी, ट्रिब्यूट अशी रांग दिसते आणि त्यातला जो आवडेल तो उचलतो. 'समानार्थी' हा शब्द त्याने फारच मनावर घेतलेला असतो.

'चुकवा' लिहिण्याआधी थांबा

ही माझी सगळ्यात जुनी जखम, म्हणून आधी तीच सांगतो.

एका नगरपालिकेचं घरपट्टीचं पत्रक होतं. मार्चचा दुसरा आठवडा, प्रेसवर लग्नपत्रिकांची झुंबड. मूळ मजकूर इंग्रजी, पण मराठी करणाऱ्याने मधल्यामध्ये हिंदीचा आधार घेतलेला. हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे कर भरून मोकळं होणं. मराठीत कर चुकवणं म्हणजे तो बुडवणं. पत्रकात वाक्य असं उतरलं: 'नागरिकांनी ३१ मार्चपूर्वी मालमत्ता कर चुकवून सहकार्य करावे.'

मी ते दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा माझं लक्ष वेलांट्यांवर. चूक सापडली ती मशीनवर उभ्या असलेल्या पोराला. म्हणाला, "साहेब, पालिकाच बुडवा म्हणतेय, मग ३१ मार्चची मुदत कशाला?" तोवर बाराशे प्रती निघाल्या होत्या. त्या रद्दीत गेल्या आणि कागदाचे पैसे माझ्या बिलातून कापले गेले. बरोबरच केलं त्यांनी.

गंमत अशी की 'चुकता करणे' मात्र मराठीत भरण्याचंच. हिशेब चुकता केला म्हणजे पूर्ण फेडला, हिशेब चुकवला म्हणजे घोळ घातला. एवढ्याशा फरकाने माणूस सज्जनाचा लबाड होतो. तेव्हापासून 'कर' दिसला की मी आधी त्याचं क्रियापद तपासतो, तेही मोठ्याने वाचून. सरकार कर लावतं, आकारतं, वसूल करतं. आपल्याला तो लागतो, आपण तो भरतो, कुणी बुडवतो. इंग्रजी 'लेव्ही'ला सरळ 'वसुली' म्हणणारे इथेच घसरतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्ये कर लावणं आणि तो गोळा करणं ही दोन कामं वेगवेगळी सांगितली आहेत आणि दोन्हींना कायद्याचा आधार लागतो. आकारणी आधी, वसुली नंतर. घरपट्टीची आकारणी चुकली म्हणून भांडायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो फरक सांगेल.

शुल्काचा गोंधळ

'कस्टम्स ड्यूटी'चं 'रूढींचे कर्तव्य' झालेलं मी पाहिलंय. मशीनला भाषांतर करायला सांगून, न वाचता पुढे ढकलणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, घरातली मंडळीही हे वाचतात.

खरी अडचण मात्र आपल्या बाजूची आहे. सीमाशुल्क, उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क हे सगळे मुळात करच. आणि शाळेचं शुल्क, प्रवेश शुल्क म्हणजे फी. कर सक्तीचा असतो आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक एक सेवा मिळेलच असं नाही. फी कुठल्या तरी सेवेपोटी घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडला. पुढे न्यायालयांनी तो बराच सैल केला, पण लिहिणाऱ्याला अजून उपयोगी पडतो. फ्लॅट घेताना दोन्ही एकदम भरावे लागतात: मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची फी. नोंदणीचे किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. एका पत्रकात दोन्हींना नुसतं 'शुल्क' म्हटलं होतं. एक निवृत्त बाई एकाच रकमेची तयारी करून आल्या आणि ऐन वेळी भावाला फोन करत बसल्या. माझी सवय साधी आहे: ड्यूटीला शुल्क, फीला फी. फीला फी म्हटल्याने मराठी बाटत नाही.

रिटर्न म्हणजे परतावा नव्हे

रिटर्न म्हणजे विवरणपत्र. परतावा म्हणजे रिफंड. एका कर सल्लागाराच्या कचेरीतून सगळ्या ग्राहकांना निरोप गेला, 'परतावा ३१ जुलैपर्यंत भरावा.' आमचे काका विचारायला आले, "अरे, परतावा मिळतो ना? मग मीच कसा भरू?" काकांचं मराठी चोख आहे.

'१२ लाख करमुक्त'

हा मथळा २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर महिनाभर फिरत होता. नव्या करप्रणालीत करमुक्त टप्पा आहे ४ लाखांचा. पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के म्हणजे २०,०००, तिथून १२ लाखांपर्यंत १० टक्के म्हणजे ४०,०००. हा ६०,००० रुपयांचा कर आधी लागतो आणि मग, उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर, रिबेटने म्हणजे करसवलतीने माफ होतो. 'करमुक्त' वाचून १५ लाखवाल्याला वाटतं, आपल्याला फक्त वरच्या ३ लाखांवर भरायचंय. तसं नाही. त्याला ४ लाखांपासूनच हिशेब लागतो. म्हणून मी उत्पन्नातून वगळलेल्याला करमुक्त म्हणतो, उत्पन्नातून कापलेल्याला वजावट आणि निघालेल्या करातून कापलेल्याला करसवलत. तिघांना 'सूट' म्हणून मोकळं होणारा माणूस घाईत असतो, एवढं नक्की.

उरलेल्या

ट्रिब्यूटला आजच्या बातमीत खंडणी लिहू नका. शिवकाळावर लिहीत असाल तर खुशाल लिहा; एरवी वाचक पोलीस ठाणं शोधेल.

सेस म्हणजे उपकर, सरचार्ज म्हणजे अधिभार. प्राप्तिकरात आधी अधिभार आणि मग त्या बेरजेवर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर. क्रम उलटवू नका.

प्राप्तिकर की आयकर? मला पहिला आवडतो. दुसराही चालेल, पण एका पानावर दोन्ही नकोत.

'टॅक्सिंग जॉब' म्हणजे दमछाक करणारं काम. 'कर आकारणारी नोकरी' नव्हे. हसू नका, छापलं गेलंय.

आणि टोलला टोलच म्हणा. पुस्तकी शब्द पथकर आहे, मान्य. पण मुंबईच्या मालमत्ता कराचं बिल काढून बघा: सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि त्यातच पथ कर. हा रस्त्यांसाठीचा पालिकेचा कर, त्याचा टोलनाक्याशी संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. त्यानंतरचं बिल घेऊन आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या दारात. पथ करावर पेनाने गोल केलेला. "सरकारने माफ केला ना हा? मग पालिका अजून कशी लावते?" मी त्यांना आत बोलावलं आणि दोन चहा सांगितले.